तांब्या कुणी घासला?

नोकरीतली बरीचशी वर्षं मी शाळांच्या छतांकडे बघत काढली. लंडनमधल्या एका म्युझियमच्या तळघरात, जिथे पूर्वी लोकांचे ओले कोट ठेवायचे, तिथे माझा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे काय, तर एक टेबल, वस्तू दाखवायला वरून खाली बघणारा एक कॅमेरा, माझ्या चेहऱ्यासाठी दुसरा, दोन दिवे आणि एक स्क्रीन. तिकडे कुठल्यातरी गावात वर्गाच्या बाई लॅपटॉप उघडायच्या. मुलांना मी भिंतीवरच्या मोठ्या बोर्डावर दिसायचे, आणि मला त्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्याला दिसेल तेवढंच दिसायचं. बहुतेक वेळा छत दिसायचं. कागदाचे स्नोफ्लेक्स, दोऱ्याला टांगलेले ग्रह, ओल आलेले कोपरे. "झाकण जरा पुढे करता का?" हे मी झोपेतसुद्धा म्हणते, असं आमचे हे सांगतात. हे हॉस्पिटलात भूल द्यायचे. मला म्हणायचे, "नीलिमा, तुझं बरंय, तुझे पेशंट जागे तरी असतात." मी म्हणायचे, "तुम्ही शुक्रवारी दुपारचा वर्ग पाहिलेला नाही."

दर वर्षी गणपतीच्या कार्यक्रमात कुणीतरी विचारायचंच, "तुम्ही म्युझियममध्ये नक्की काय करता?" मी सांगायचे, की ज्या शाळांना सहलीच्या बसचं भाडं परवडत नाही किंवा ज्या फार लांब आहेत, त्यांच्यापर्यंत मी म्युझियम नेते. समोरचा म्हणायचा, "अच्छा, म्हणजे व्हिडिओ." एवढं बोलून तो बटाटेवड्याच्या रांगेकडे सरकायचा. आधी मी समजावत बसायचे. नंतर नंतर कंटाळा आला. हल्ली मीही रांगेकडेच जाते.

पण या अंकात लिहायला जागा दिलीच आहे तर सांगते. तो व्हिडिओ नव्हता. सगळी मेख तिथेच होती. पोरांना पहिल्या मिनिटाला एकच शंका असायची आणि कुणीतरी ती मोठ्यानं विचारायचंच, "मिस, इज शी रिअल?" त्याला माझ्याकडे ठरलेलं उत्तर होतं. मी म्हणायचे, "खिडकीपाशी हिरवा स्वेटर घातलेला मुलगा आहे ना, त्याच्या बुटाची लेस सुटलीय." सगळा वर्ग खिडकीकडे वळायचा, तो पोरगा खाली बघायचा, आणि तिथून पुढे वर्ग माझा. स्कॉटलंडच्या टोकाच्या एका बेटावर तर वर्गात मुलंच मोजकी होती, आणि मागच्या पिंजऱ्यातल्या गिनीपिगनं काय तोंडात धरलंय ते मी सांगितलं तेव्हा कुठे त्यांचा विश्वास बसला.

दुसरी युक्ती पाण्याची. लाइनवर आवाज थोडा उशिरा पोचतो. प्रश्न विचारून लगेच पुढे बोललात तर मुलाचं उत्तर तुमच्या बोलण्याखाली चेंगरतं. म्हणून मी प्रश्न विचारला की पाण्याचा मग उचलून एक घोट घ्यायचे. सावकाश. लाजरी मुलं त्या घोटाच्या शेवटी शेवटी बोलतात. धीट मुलं काय, कधीही बोलतात.

शेवटच्या वर्षी वसंतात आमच्या विभागप्रमुख जिलियननं मला वर बोलावलं. बाई चांगली. वाईट बातमी सांगताना स्वतः चहा करून आणायची, त्यामुळे तिच्या हातात दोन मग दिसले की मी आधी खुर्ची ओढून बसून घ्यायचे. म्हणाली, "लाइव्ह वर्ग चालू ठेवायचे की त्यांच्याऐवजी रेकॉर्डिंग करून सगळ्या शाळांना द्यायचं, याचा आढावा घेणार आहेत. टोबी नावाचा एक सल्लागार येईल आणि तुझा एक वर्ग बघेल." माझी निवृत्ती तशीही फार लांब नव्हती. तरी मला फार लागलं. माझ्या खुर्चीवर पुढे कुणी बसणारच नाही, हे काही मी धरलं नव्हतं. म्हटलं, ठीक आहे, टोबीला माझा सगळ्यात चांगला वर्ग दाखवू. तांब्याचा.

या तांब्याची हकीकत अशी. भारतात नोकरी केलेल्या कुण्या इंजिनिअरच्या नातवंडांनी म्युझियमला ट्रंकभर सामान दिलं होतं. त्यात दोन सारखे तांबे होते, अगदी आपल्या माजघरात असतात तसे. लेबलवर लिहिलं होतं, 'पाण्याचे पात्र, पश्चिम भारत'. कपाटात ठेवण्याइतके ते मोलाचे नव्हते, म्हणून मुलांनी हाताळायच्या वस्तूंत आले. एक माझ्या टेबलावर असायचा. दुसरा फोम लावलेल्या खोक्यातून शाळेत जायचा, आणि तिथून कुरियरनं परस्पर पुढच्या शाळेत. म्हणजे मी इकडे तांब्या फिरवायचे आणि मुलं तिकडे तसाच तांब्या हातात धरायची.

दोन्ही काळेकुट्ट होते आणि माझा सगळा वर्ग त्या काळ्या रंगावर उभा होता. हा कशाचा आहे? मुलं म्हणायची लोखंड, दगड, एकदा तर कुणी 'जळलेलं टोस्ट' म्हणालं. मग मी काठाखालचा ओरखडा दाखवायचे, आतून नारिंगी रंग डोकावायचा. मग जुनी काळी पडलेली पेनी आणि नवी कोरी पेनी शेजारी ठेवायची. मग वर्गात हळूहळू 'ओऽऽ' असा आवाज यायचा. त्या आवाजासाठी मी मेट्रोपॉलिटन लाइनच्या ट्रेनमधल्या गर्दीतून उभ्यानं जात-येत होते, हे खरं आहे. पगारासाठी म्हणावं, तर तेवढा तो नव्हता.

टोबी यायच्या आदल्या आठवड्यात लंडनच्या कडेच्या हॅरोमधल्या एका शाळेचा वर्ग होता. मी राहते हॅरोलाच, म्हणजे शाळा माझ्या घराजवळच, पण मी नेहमीप्रमाणे म्युझियमच्या तळघरात. वर्गाच्या बाई मिस पॅरी, वेल्सकडच्या, उत्साही. त्यांनी ईरा नावाच्या मराठी मुलीच्या आजीला मुद्दाम वर्गात बोलावलं होतं. स्क्रीनच्या कोपऱ्यात मला मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसलेली एक बाई दिसली. पातळावर कार्डिगन, पायात मोजे. मी बोलता बोलता मराठीत विचारलं, "आजी, तुमच्याकडे याला काय म्हणतात, सांगता का मुलांना?"

बाईंनी आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे, मग बोर्डावर माझ्याकडे. "अगंबाई, ही तर आपल्यातली निघाली," त्या नातीला म्हणाल्या. मग सगळ्या वर्गाकडून त्यांनी 'तांब्या' म्हणवून घेतलं. तांब्या हातात घेऊन उलटासुलटा केला आणि मला म्हणाल्या, "किती काळा पडलाय हो. कुणी घासत नाही का?"

मी हसले आणि पुढे गेले. घंटा व्हायला आली होती.

आता टोबीला दाखवायचा तो, ब्रिस्टलचा वर्ग. स्टुडिओत माझ्या बाजूला टोबी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेला. तरुण, नीटस, पायात मोजे नाहीत. मी बुटाच्या लेसचं केलं, वर्ग ताब्यात आला. मी माझा काळा तांब्या कॅमेऱ्याखाली धरला आणि म्हटलं, "आता तुमचं खोकं उघडा. तुमच्याकडेही असाच एक काळा..."

पुढे बोलता आलं नाही, कारण तिकडून एकदम लखलखाट आला. कॅमेऱ्याचे डोळे दिपले, स्क्रीन पांढरी झाली, आणि पुन्हा दिसायला लागलं तेव्हा एक मुलगा दोन्ही हातांनी डोक्यावर तांब्या धरून उभा होता. नव्या नवरीच्या रुखवतात ठेवावा असा लाल-गुलाबी, चकचकीत. "इट्स गोल्ड," कुणीतरी म्हणालं. वर्गाचे सर म्हणाले, "आम्हाला चुकीचा बॉक्स आला वाटतं."

चुकीचा कसला. मला त्या रंगावरूनच वास आला. चिंच आणि मीठ.

तेवढ्यात एका मुलीनं तांब्यात हात घातला. "मिस, आत हिरे आहेत." तिनं एक फॉइलची पुडी बाहेर काढली आणि उघडली. खडीसाखर. सरांचा चेहरा पडला, त्यांनी झटकन पुडी काढून घेतली आणि ॲलर्जीबद्दल काहीतरी पुटपुटले. टोबीची बोटं कीबोर्डवर थांबली. म्युझियममध्ये खाण्याचा कण जरी दिसला तरी किडे येतील म्हणून हाहाकार उडतो, आणि इथे वस्तूच्या पोटात साखर. माझ्या वर्गाचा एकमेव प्रश्न होता 'हा काळा का?' आणि तो काळा उरलाच नव्हता. मी पाण्याचा मग उचलला आणि प्यायले, या खेपेला खरोखर तहान लागली म्हणून.

मग म्हटलं, "ऐका. मागच्या आठवड्यापर्यंत तुमचा आणि माझा अगदी एकसारखे होते. तुमच्याला काय झालं, ते मला शोधून द्या."

एक जण म्हणाला, रंग दिला. मी म्हटलं, नखानं खरवडून बघ. रंग नव्हता. मघाचा तांब्यावाला मुलगा म्हणाला, "माझे डॅड विमानाचे पंख बनवतात. धातू साफ करायचा तर ॲसिड लागतं." मी म्हटलं, शाब्बास, पण ॲसिड स्वयंपाकघरात कुठे असतं? व्हिनेगर, लिंबू अशी उत्तरं आली. मी सांगितलं, चिंच नावाचं एक आंबट फळ असतं, तुम्ही ते आठवड्यातून एकदा तरी खाता. कुणाचा विश्वास बसेना. म्हटलं, न्याहारीवर ओतता त्या ब्राउन सॉसच्या बाटलीवर बारीक अक्षरात वाचा. सरही आता रंगात आले होते. त्यांनी जेवणघरातून बाटली मागवली, खिशातल्या एका काळ्या पेनीवर सॉस ओतला, आणि एका मुलीनं बोटानं घासायला घेतलं. पेनी उजळली. 'ओऽऽ' असा आवाज आला, नेहमीपेक्षा मोठा.

"बरं," मी म्हटलं, "इतकं मन लावून कुणी घासलं असेल?"

"कुणाच्यातरी नॅननं," म्हणजे आजीनं, असं तिघाचौघांनी एकदम सांगितलं. जसं काही ते सगळ्यांना माहीतच होतं.

"आणि साखर का ठेवली?"

मी घोट घेतला. मी आणखी एक घेतला. मग मागून, जिचा चेहरा मला दिसतही नव्हता, अशा एका मुलीचा आवाज आला. "ते तिचं नव्हतं ना, म्हणून. माझी नॅन शेजारणीचं भांडं परत देताना रिकामं नाही देत. त्यात केक घालते."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कॅमेरा चालू होता, टोबी शेजारी होता, तरी आलं. इतकी वर्षं मी मुलांना दाखवत होते की हे भांडं कशाचं आहे. ते कुणाचं आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी मला सांगितलं.

झालं होतं असं, की हॅरोचा वर्ग संपल्यावर आजींनी हातानं पुसल्यासारखं करून मिस पॅरींना विचारलं, ईरानं इंग्रजीत सांगितलं, 'आजी साफ करून देईल.' मिस पॅरींना वाटलं नुसत्या फडक्यानं पुसतील, म्हणून त्या 'हाउ काइंड' म्हणाल्या. आजी तांब्या पिशवीतून घरी घेऊन गेल्या आणि घासून, आत खडीसाखर घालून परत दिला. खोक्याच्या झाकणावर 'वस्तू धुऊ नयेत' असं ठळक इंग्रजीत होतं, पण सूचना वाचून भांडी घासणारी बाई मी अजून पाहिलेली नाही.

म्युझियममध्ये व्हायचं ते झालं. धातूंची देखभाल करणारा ह्यू तांब्या हातात घेऊन दिव्याखाली फिरवत राहिला. मग म्हणाला, "तो थर म्हणजे मळ नव्हता, नीलिमा. तो त्याचा इतिहास होता." तो चूक नव्हता. पाणी भरणाऱ्या, चुलीवर ठेवणाऱ्या कुणाकुणाच्या हातांच्या खुणा होत्या तिथे, आणि त्या आता हॅरोच्या एका सिंकमधून गेल्या होत्या. शाळांना खोकी पाठवणं त्याच आठवड्यात बंद झालं.

मिस पॅरींचा मला फोन आला. आजींना कळलं होतं की काहीतरी बिघडलंय आणि त्यांनी जेवण सोडल्यासारखं केलंय, तुम्ही त्यांच्या भाषेत बोलाल का? शनिवारी मी ईराच्या घरी गेले. घरात सामान बांधायला घेतलं होतं, आजींच्या व्हिसाचे सहा महिने संपत आले होते.

"आजी," मी सुरुवात केली.

"आजी काय म्हणता, तुमच्याहून काही फार मोठी नाही मी," त्या म्हणाल्या. मग लगेच, "मी वाटोळं केलं का हो?"

"नाही हो ताई."

"मला बघवेना. लेकरांच्या हातात इतकं काळं भांडं द्यायचं? आणि आपल्याकडचं ते. लोक म्हणतील, यांच्यात घासायची पद्धत नाही." पदरानं त्यांनी तोंड पुसलं. "त्या पोरीची नोकरी नाही ना जाणार माझ्यापायी? पॅरीबाईची? झोप लागत नाही मला."

"नाही," मी म्हटलं. "कुणाची नोकरी जात नाहीये."

ईरा दारात उभी राहून ऐकत होती. तिला आजी म्हणाल्या, "बघ, म्हटलं नव्हतं? बाई समजूतदार आहेत." मग मला पोहे करून घातले. मी दोनदा घेतले, कारण त्या स्वतः जेवतात की नाही ते मला बघायचं होतं. जेवल्या.

टोबीच्या अहवालाबद्दल सांगायला जिलियन दोन मग घेऊन आली. पण चेहरा हसरा होता. म्हणाली, "त्याला फार आवडला तुझा वर्ग. इतका जिवंत वर्ग आपण कधी बघितला नव्हता म्हणतो."

मला क्षणभर वाटलं, सुटले.

"म्हणून तो म्हणतो, हा देशातल्या प्रत्येक मुलाला मिळायला हवा. तोच वर्ग रेकॉर्ड करू या. चकचकीत तांब्या, साखर, सॉस, सगळं."

मी चहा प्यायले. भांडायला हवं होतं, पण भांडायचं कुणाशी, माझं कौतुकच तर चाललं होतं. खरं सांगायचं तर मी दमले होते. हॅरोची ट्रेन, तळघरातली हवा, छतं. एक मन म्हणत होतं, होऊन जाऊ दे.

रेकॉर्डिंग उन्हाळ्यात झालं. फॉइलची पुडी मीच भरून तांब्यात ठेवली आणि मीच उघडून चकित झाले. दिग्दर्शक मुलगी फार गोड होती. म्हणाली, "आश्चर्य थोडं कमी चालेल." दुसऱ्यांदा म्हणाली, थोडं जास्त. मी प्रश्न विचारून सवयीनं पाण्याचा मग उचलला तर म्हणाली, ते पाणी पिणं नको, विचित्र दिसतं. त्याऐवजी पाच सेकंद कॅमेऱ्याकडे हसत बघा, मग म्हणा, 'व्हॉट अ लव्हली गेस.' मी विचारलं, "आणि उत्तर चुकलं तर?" ती म्हणाली, "म्हणूनच 'गेस' म्हणायचं ना." पोरगी हुशार होती. तो माझा कामाचा शेवटचा आठवडा.

आता मी आठवड्यातून एकदा हॅरोच्या त्याच शाळेत जाते. मुलं मला गोष्टीची पुस्तकं वाचून दाखवतात, अडलं की मी सांगते, आमच्यासारखी निवृत्त मंडळी इथे हेच करतात. मागच्या महिन्यात मिस पॅरी कॉरिडॉरमध्ये भेटल्या, म्हणाल्या, "आज हॉलमध्ये सगळ्या वर्गांना तुमचं रेकॉर्डिंग दाखवतोय, बसा ना." नाही म्हणायचं होतं. मागच्या खुर्चीवर बसले.

मुलं जमिनीवर मांडी घालून बसली होती. स्क्रीनवर मी आले. चांगली दिसत होते, दिवे चांगले लावले होते त्यांनी. माझ्या खुर्चीपुढेच बसलेल्या एका चिमुरड्यानं विचारलं, "इज शी रिअल?" स्क्रीनवरची मी त्याच्या डोक्यावरून बघत तांब्याबद्दल बोलत राहिले. त्याच्या बुटाची लेस सुटलेली होती. मला मागून स्पष्ट दिसत होती.

पुडी निघाली, मी चकित झाले, पेनी उजळली. मग मी हसून विचारलं, "मग तुम्हाला काय वाटतं, हा इतका छान कुणी घासला असेल?"

मधल्या रांगेत एक हात वर गेला. ईरा. आता वरच्या वर्गात गेलेली, केस कापलेले. कुणी तिचं नाव घेईना तेव्हा ती उभीच राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "माय आजी. माय आजी डिड इट."

पाच सेकंद झाले. "व्हॉट अ लव्हली गेस," मी म्हणाले.

हॉलमधली दोन-चार मुलं हसली. ईरा तशीच उभी होती, हात अजून वर. मग तिनं वळून हॉलभर शोधलं आणि मी मागे दिसल्यावर मराठीत म्हणाली, "तुम्ही सांगा ना तिला. आजीनेच घासली होती तांब्या. तिला माहीत नाही."

मी खुर्चीवरून उठले. स्क्रीनवर मी हसत हसत पुढची वस्तू उचलत होते.